कपडा चांगला, पण अंगावर शोभत नाही: दोष कुठे आणि कसा शोधायचा

आधी लक्षणं बघा. पुढच्यापैकी एखादं तरी तुमच्या कपाटातल्या कपड्यांत सापडेल.

- कुर्ता छातीवर नीट बसतो, पण पोटापाशी सुटून उभा राहतो. किंवा उभं असताना बरा दिसतो आणि खुर्चीत बसलं की मांड्यांवर ताणतो.
- कुर्त्याची खालची कड समोरून वर उचललेली आणि मागून लोंबलेली दिसते.
- बाजूचा कट चालताना फाकतो.
- ब्लाउजचा खांदा उतरतो, दिवसभर वर ओढत बसावं लागतं.
- हात वर केला की अख्खा ब्लाउज वर येतो आणि काखेत काचतो.
- दोन हुकांच्या मध्ये फट पडते.
- पहिल्यांदा झकास बसलेला ब्लाउज एका धुण्यात आखडतो.
- नेमकं बोट ठेवता येत नाही, पण फोटोत आपण आहोत त्यापेक्षा रुंद आणि बुटक्या दिसतो.

माझं काम दुरुस्तीचं, म्हणजे आल्टरचं. कोल्हापुरात राजारामपुरीतून घेतलेला ड्रेस असो की गांधीनगरच्या होलसेल दुकानातून घाईत उचललेला, तो टेबलावर ठेवताना बायका एकच वाक्य बोलतात: "ताई, कापड चांगलंय ओ, पण माझं अंगच असलं." हे वाक्य मला मनापासून खटकतं. आलेल्या कपड्यांत दोष सापडतो तो खांद्यात, उंचीत, मुंढ्यात (बाही जोडतात त्या गोल कापात), अस्तरात, नाहीतर आत घातलेल्या कपड्यात. अंग उसवून परत शिवता येत नाही, कपडा येतो. त्यामुळे शोधायचं ते कपड्यातच.

खालचा क्रम फुकटच्या गोष्टींपासून सुरू होतो आणि खर्चाच्या, अवघड कामापर्यंत जातो. हा क्रम मोडू नका. पुष्कळ जणी थेट बाजूची शिवण आवळायला सांगतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

सुरकुत्या वाचायला शिका

याला पैसे लागत नाहीत आणि निम्मं निदान इथेच होतं. कपड्याला इस्त्री करून घाला. चुरगळलेल्या कपड्यावरच्या घड्या काहीच सांगत नाहीत. आरशासमोर हात सैल सोडून उभ्या राहा. पोट आत ओढू नका, कारण दिवसभर तुम्ही तशा राहणार नाही.

ताणलेली आडवी सुरकुती म्हणजे त्या जागी कापड रुंदीला कमी पडतंय. सैल, लोंबणारी आडवी घडी वेगळी. ती बहुधा पाठीत कमरेच्या वर पडते आणि तिथे कापड लांबीला जास्त असतं. उभी सैल घडी असेल तर रुंदी जास्त आहे. तिरपी सुरकुती सगळ्यात कामाची, कारण ती बोट दाखवते. काखेखालच्या शिवणीपासून छातीकडे जाणारी तिरपी ओढ दिसली तर छातीच्या उभारासाठी कापड अपुरं आहे, तिथे टक्स (उभारासाठी आतून घातलेली निमुळती चीण) हवा किंवा आहे तो खोल हवा. गळ्यापासून काखेकडे उतरणारी तिरपी रेघ असेल तर तुमचे खांदे उतरते आहेत आणि कपडा सरळ खांद्यासाठी कापलेला आहे.

समोरची कड वर जाते तिचंही कारण हेच. भरलेल्या छातीवरून किंवा पोटावरून जाताना कापडाला जास्त लांबी लागते. ती मिळाली नाही की खालची कड वर खेचली जाते. बाजूची शिवण सरळ खाली न उतरता पुढे झुकली असेल तरी पुढच्या भागाला कापड कमी पडतंय असं समजा. अशा कपड्याची खालची कड कापून सरळ केली तर दोष झाकला जातो, ओढ तशीच राहते.

आत काय घातलंय?

ब्लाउजच्या तक्रारी इतक्या वेळा ब्रेसियरपाशी येऊन थांबतात, की त्याबद्दल विचारल्याशिवाय मी टेप हातात घेत नाही. पाठीमागचा पट्टा आडवा, जमिनीला समांतर हवा. तो वर सरकला असेल तर पट्टा सैल आहे. मग छातीचा सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर येतो, छाती खाली येते आणि ब्लाउजचे टक्स वरच राहतात. टोकापाशी रिकामी टोपी दिसते ती याच कारणाने. नवीन ब्रेसियर सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे. इलास्टिक सैल पडत जाईल तसं आतल्या हुकाकडे यायचं असतं. नवी असतानाच आतला हुक लागत असेल तर ती मोठी आहे.

आधी पट्टे आवळून बघा. एवढ्यानेच ब्लाउज बसला तर उसवायची गरज नाही. आणि माप देताना तीच ब्रेसियर घाला जी त्या ब्लाउजखाली घालणार आहात.

साडीसाठी हीच गोष्ट परकराची. नाडीचा परकर कमरेला चुण्या करतो, त्यावर निऱ्यांचा गठ्ठा खोचला की पोटापाशी जाडी आलीच. कळ्यांचा परकर घ्या, तो कमरेला सपाट आणि खाली घेरदार असतो. हल्ली फिश कटचे ताणणारे परकर सर्रास मिळतात. पोट पुढे असलेल्या बाईला तो बरा वाटतो, पण ज्यांचा भार नितंबांवर आणि मांड्यांवर आहे त्यांना माझा सल्ला स्पष्ट आहे: कळ्यांचाच घाला. फिश कट मांडीला चिकटतो आणि साडीही तिथेच चिकटते. आणखी एक, साडी नेसण्याआधी चप्पल पायात घाला. टाचेची घालणार असाल आणि अनवाणी नेसलात तर साडी वर जाते, घोटे उघडे पडतात आणि उंची कमी वाटते.

मापाचा ब्लाउज किती जुना आहे?

आपल्याकडे अंगावर माप देण्यापेक्षा "मापाचा ब्लाउज" पाठवायची पद्धत आहे. तो ब्लाउज चार वेळा धुऊन सैलावलेला, नाहीतर दोन बाजूंनी उसवून वाढवलेला असतो. टेलर त्याच्यावरून नवा कापतो, म्हणजे जुना दोष नव्या कापडात उतरतो. बाळंतपणानंतर, वजन कमी-जास्त झाल्यावर आणि वय वाढताना छातीचा घेर बदलतोच, पण त्याबरोबर खांद्यापासून छातीच्या टोकापर्यंतचं अंतरही बदलतं. टक्सची जागा त्या अंतरावर ठरते. टेप घेऊन ते अंतर मोजा आणि जुन्या ब्लाउजवर खांद्याच्या शिवणीपासून टक्सच्या टोकापर्यंत मोजा. दोन्हींत अर्ध्या इंचाहून जास्त फरक असेल तर तो ब्लाउज मापासाठी पुन्हा देऊ नका.

धुतल्यावर आखडलेल्या ब्लाउजची तपासणीही इथेच करून टाका. आतून उलटा करून बघा. अस्तर ताणलेलं आणि वरचं कापड फुगून चुरमडलेलं असेल तर अस्तर न भिजवता शिवलंय. सुती अस्तर पहिल्या पाण्यात आटतं, वरचं रेशमी किंवा पॉलिएस्टर तेवढं आटत नाही. आत शिल्लक कापड असेल तर टेलर अस्तर थोडं सोडवून देतो. नाहीतर अस्तर बदलायचं. पुढच्या वेळी अस्तर आणि सुती कापड रात्रभर पाण्यात घालून, वाळवून मगच शिवायला द्या.

कड कुठे संपते?

एका जागेवर थांबून सांगावं असं काही असेल तर ते हे. कपड्याची प्रत्येक आडवी कड, मग ती कुर्त्याची खालची असो, बाहीची असो की ब्लाउजची, नजरेला तिथे थांबवते. ती अंगाच्या सगळ्यात रुंद जागेवर थांबली की ती जागा आणखी रुंद दिसते. बहुतेक "शोभत नाही" या तक्रारीचं मूळ इथे असतं आणि उपाय टाचण्यांचा असतो.

घरीच करून बघा. फोन छातीच्या उंचीवर कशाला तरी टेकवून ठेवा, आठ-दहा फूट लांब उभ्या राहा आणि टायमर लावून फोटो काढा. हातात धरून जवळून काढलेला फोटो अंगाचं प्रमाण बिघडवतो, त्यावर विश्वास ठेवू नका. मग कुर्त्याची कड एक-एक इंच वर टाचत जा आणि प्रत्येक वेळी फोटो काढा. ओळीने बघितलेत की कुठली लांबी बरी ते कुणाला विचारावं लागत नाही.

कागलकडून येणाऱ्या एका शिक्षिकेचा खणाचा कुर्ता मला चांगला आठवतो. छाती ३६, नितंब ४२. कुर्ता बरोबर नितंबांच्या मध्यावर संपत होता आणि बाजूचे कट तिथेच फाकत होते. त्यात खण, म्हणजे दमदार कापड. ते अंगावरून ओघळत नाही, जिथे सुटतं तिथे उभं राहतं. लांबी वाढवायला खालच्या कडेत कापड शिल्लक नव्हतं. खाली त्याच काठाच्या रंगाची साधी सुती पट्टी जोडून कड गुडघ्याच्या जरा वर नेली आणि बाजूच्या शिवणीत शिल्लक होतं तेवढं सोडलं. बाकी काही केलं नाही. कट मिटले आणि कुर्ता खांद्यापासून एकसंध खाली उतरू लागला. कट फाकतो तेव्हा बायका तो वरपर्यंत शिवून टाकायला सांगतात. तसं केलं तर ओढ वाढते, कारण नितंबांपाशी कापड आधीच कमी असतं.

बाहीचंही असंच. हात खाली सोडला की आखूड बाहीची कड छातीच्या पातळीवर येते. छाती भरलेली असेल तर बाही कोपराच्या खाली न्या, म्हणजे ती आडवी रेघ तिथून हलते. ज्यांचे खांदे रुंद आणि खालचा भाग बारीक, त्यांनी फुग्याची बाही टाळावी. उलट खांदे अरुंद आणि नितंब भरलेले असतील तर तोच फुगा आणि बोट नेकचा रुंद गळा वरचा भाग भरून काढतो. सरळ अंगाच्या, कंबर फारशी न दिसणाऱ्या मुलींना कमरेवर पट्टी, चुण्या किंवा पेप्लम (कमरेला जोडलेली झालर) शोभतं. पोट पुढे असेल तर तीच पट्टी नको. छातीखालून जोड घेऊन खाली मोकळं सोडलेलं कापड बरं. गळा आणि दागिना एकत्र ठरवा: मान आखूड असेल तर बंद गळ्यावर ठुशी घातल्याने मान आणखी आखूड दिसते. उघडा व्ही किंवा चौकोनी गळा ठेवा, त्यात ठुशी मोकळी दिसते. कोल्हापुरी साज लांब असतो, तो बंद गळ्यावरही चालतो.

काठाबद्दल फार बोलत नाही. बुटक्या बाईने फार रुंद काठाची साडी रोज नेसली तर उंची तुटते, सणाला हौसेने नेसायला काहीच हरकत नाही.

आडव्या पट्ट्यांनी जाड दिसतं, हे सगळ्यांना पाठ असतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १९व्या शतकातच दाखवलं होतं, की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उंच आणि अरुंद भासतो. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात कपड्यांवर तपासलं तेव्हाही आडव्या पट्ट्यांनी बाई जाड दिसते असं आढळलं नाही. माझा अनुभवही असाच आहे: बारीक आडव्या पट्ट्यांचा, खांद्याला नीट बसलेला कुर्ता हा उभ्या रेघांच्या पण छातीवर ताणलेल्या कुर्त्यापेक्षा केव्हाही उजवा. ताणलं की उभी रेघ वाकडी होते आणि उभार नेमका उठून दिसतो.

कापड अंगासारखं आहे का?

शिवायला देण्याआधी किंवा विकत घेण्याआधी कापडाचं टोक धरून हातभर सोडून बघा. रेयॉन, क्रेप, जॉर्जेट खाली ओघळतं. ऑर्गेन्झा, टिश्यू, खण, भरपूर खळ दिलेलं सुती कापड बाहेर उभं राहतं. भरलेल्या अंगावर उभं राहणारं कापड चुण्या किंवा घेरात वापरू नका, सरळ कापात वापरा. किडकिडीत अंगावर तेच कापड भर देतं. अगदी पातळ, चिकटणारं कापड मात्र पोट असो वा नसो, अस्तराशिवाय कुणालाच बरं दिसत नाही.

आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात रेयॉनचे कुर्ते दोरीवर दोन-दोन दिवस ओले लोंबतात आणि स्वतःच्या वजनाने लांब होतात, उरेब, म्हणजे तिरप्या कापाचे तर जास्तच. कड अचानक वाकडी झाली असेल तर आधी हे आठवा. असे कपडे आडवे पसरून वाळवा.

खांदा

इथून पुढे पैसे लागतात. रेडिमेड घेताना सगळ्यात आधी खांदा बघा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. बाजू आवळता येते, लांबी कमी होते, बाही कापता येते, पण खांदा दुरुस्त करायचा तर बाही पूर्ण उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो. एम, एल, एक्सएल या अक्षरांवर जाऊ नका. एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीच्या एक्सएलएवढा निघतो. भारतीय अंगमापांसाठी निफ्ट या सरकारी फॅशन शिक्षण संस्थेने "इंडियासाइझ" हे सर्वेक्षण हाती घेतलं, १५ ते ६५ वयाच्या हजारो स्त्री-पुरुषांची मापं थ्रीडी स्कॅनरने घ्यायला, ते याच गोंधळापायी. तुम्ही आपली टेप पर्समध्ये ठेवा. वरचा आणि खालचा भाग वेगवेगळ्या मापाचा असेल तर मोठ्या भागाच्या मापाचा कुर्ता घ्या आणि बाकीचा आवळा. पण मोठा घेतल्याने खांदा अर्ध्या इंचाहून जास्त उतरत असेल तर तो कुर्ता ठेवून द्या, त्यापेक्षा शिवून घेतलेला बरा.

खांदा उतरणाऱ्या ब्लाउजमध्ये मात्र खांद्यापेक्षा गळा दोषी असतो. पुढचा आणि मागचा दोन्ही गळे रुंद आणि खोल घेतले की खांद्याला धरायला काही उरत नाही. मागे खोल हवा असेल तर पुढचा आटोपशीर ठेवा आणि मागे नाडी लावा. तात्पुरता उपाय म्हणजे आतून छोटी पट्टी आणि टिच बटण लावून ब्रेसियरचा पट्टा त्यात अडकवणे.

मुंढा

हात वर केल्यावर ब्लाउज वर येतो, तेव्हा जवळपास प्रत्येक जण सांगते, "काखेत घट्ट आहे, मुंढा मोठा करा." मुंढा खाली उतरवून मोठा केला की त्रास वाढतो. कारण सोपं आहे. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात उचलताना फक्त बाही हलते. मुंढा खाली असेल तर बाहीबरोबर बाजूची अख्खी शिवण वर ओढली जाते. काखेखाली बोट घालून बघा: अंग आणि शिवण यांत दोन-तीन बोटं जागा असूनही ओढ बसत असेल तर मुंढा आधीच खोल आहे. कापलेलं कापड परत येत नाही, त्यामुळे काखेत चौकोनी तुकडा, ज्याला आम्ही बगल म्हणतो, तो घालावा लागतो. हे काम घरी करू नका.

कुठे थांबायचं

टाचण्या लावणं, कड दुमडणं, हुक सरकवणं, बाजूची शिवण अर्धा इंच सोडणं किंवा आवळणं, एवढं घरी जमतं. सोडण्याआधी आत किती कापड शिल्लक आहे ते बघा आणि जुन्या शिवणीची भोकं त्या कापडावर दिसतील का तेही बघा, रेशमावर आणि साटनवर ती कायमची राहतात.

खांदा, मुंढा, टक्सची जागा, जरीचं किंवा भरतकामाचं कापड, मखमल आणि उरेब काप हे अनुभवी टेलरकडेच न्या. पैठणीचा ब्लाउजपीस असेल तर आधी मांजरपाटाचा एक ब्लाउज बेतून अंगावर घालून बघा, दुरुस्त्या त्यावर करा आणि मग खरं कापड कापू द्या. दुरुस्तीचा खर्च कपड्याच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल आणि कपडा भावनेने जवळचा नसेल, तर मी स्वतः बायकांना परत पाठवते.

काही वेळा मात्र टेलरकडे येऊच नये, डॉक्टरकडे जावं. वाढत्या वयाच्या मुलीचा फ्रॉक किंवा गणवेश सारखा एका बाजूला उतरत असेल, एक खांदा वर किंवा एका बाजूची कंबर आत दिसत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. साधारण १० ते १५ वर्षांच्या वयात पाठीचा कणा बाकदार होतो का हे वेळेवर कळणं महत्त्वाचं असतं. एकाच बाजूची ब्रेसियर अचानक घट्ट झाली, छातीत गाठ लागली, कातडी आत ओढल्यासारखी दिसली, तर माप वाढवून घेऊ नका, त्याच आठवड्यात तपासून घ्या. खाणं-पिणं न बदलता थोड्या महिन्यांत सगळेच कपडे आवळू किंवा सैल पडू लागले, जोडीला थकवा असला, तरीही आधी तपासणी.

टेलरकडे जाताना तोच परकर, तीच ब्रेसियर आणि तीच चप्पल घेऊन जा, टाचण्या लावलेला कपडा तसाच न्या आणि "बसत नाही" असं न म्हणता सुरकुती कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवा. नवरात्राच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर मुंढ्याचं काम घाईत करून घेऊ नका, निदान पंधरा दिवस हातात ठेवा. कपडा परत मिळाला की तिथेच घाला, खाली बसा, दोन्ही हात डोक्यावर न्या, आणि मगच पैसे द्या.